गोमाच्या अंगणातल्या आठ खुंट्या

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याविषयी काही लिहा, असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा सवयीने मी उलट टपाली विचारलं, किती लांब आणि किती रुंद? त्यांनी चार पानं म्हणून कळवलं. बरं झालं. माप कळल्याशिवाय मी जन्मात कधी कामाला हात घातला नाही, आणि ज्यांनी घातला त्यांची कामं निस्तरण्यातच माझी निम्मी उमर गेली.

मी जव्हारचा. संस्थानात लाकडी कामाचे मक्ते घेत असे. छपरं, जिने, दारं-खिडक्या सगळं केलं, पण नाव झालं ते माचांमुळे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, माच म्हणजे घराबाहेर, उंबऱ्याच्या पातळीला, खांबांवर उभारलेला फळ्यांचा ओटा. आमच्याकडे सपाट जमीन शोधून सापडत नाही. घर उतारावर, दारापुढे वीतभर अंगण, आणि त्यापलीकडे सरळ खाली. मातीचा ओटा घातलात तर तो पावसाळ्यात खालच्या शेतात जाऊन बसतो, म्हणून लाकडाचा. खांब ऐनाचे घ्यायचे, कारण सागाच्या परवान्यासाठी वहाणा झिजवाव्या लागत. खांब मातीत पुरायचे नाहीत, दगडावर उभे करायचे, म्हणजे वाळवी चढत नाही. फळ्या अगदी चिकटवून जडायच्या नाहीत, मध्ये पैशाच्या जाडीइतकी फट ठेवायची, म्हणजे पाणी गळून जातं. झालं, संपला माच. हे मी असं दोन मिनिटांत सांगत असे, आणि मग गिऱ्हाईकाला वाटायचं की एवढ्यासाठी मेस्त्री कशाला हवा.

पण खरी मेहनत उभारणीत नसते, ती अंदाज काढण्यात असते. अंदाज म्हणजे जागा बघायची, मापं घ्यायची, लाकूड किती, खिळे किती, माणसं किती आणि दिवस किती हे सगळं कागदावर मांडून घरधन्याच्या हातात द्यायचं. तो कागद चुकला की पुढे सगळं चुकतं. आणि तो चुकावा म्हणून घरातली माणसं काय काय तयारी करून ठेवत, ते मी पाहिलेलं आहे. मेस्त्री येणार म्हटलं की घर असं सजवत की जणू मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत. भेगांवर चुना, पोपड्यांवर तसबीर.

जव्हारच्याच एका पेन्शनर गृहस्थांनी मागल्या दारचा माच मोठा करायला मला बोलावलं. जुन्या माचाच्या मधोमध एक लोखंडी पेटी ठेवली होती. मी म्हटलं, ही हलवा. ते म्हणाले, राहू द्या हो, तिथे सगळं छान आहे. मला छान शब्दाचा नेहमीच संशय येतो. मी स्वतःच पेटी सरकवली, एक पाऊल टाकलं, आणि गुडघ्यापर्यंत खाली गेलो. खालची तुळई वाळवीने पार पोखरलेली होती. वरून गृहस्थ म्हणाले, "मेस्त्री, लागलं तर नाही ना? आणि हे अंदाजात धरू नका हं!"

दुसऱ्या एका घरी मी विचारलं, माचावर कोण बसणार? यजमान म्हणाले, आम्ही दोघंच, संध्याकाळी जरा वाऱ्याला. त्या हिशेबाने मी बारीक तुळया धरल्या. महिन्याभरात त्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि साऱ्या वऱ्हाडाची पंगत त्याच माचावर बसली. मी आमंत्रित होतो. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत मी माचाखाली उभा राहून खांबांकडे बघत होतो, आणि लाडू हवा का, असं वरून कोणीतरी फटीतून विचारून तो मला खाली आणून दिला. तेव्हापासून कोणी दोघं म्हटलं की मी वीस धरत आलो.

अशा ठेचा खाऊन मी एक पाठ तयार केला होता. जो कोणी अंदाज विचारायला येई त्याला तो म्हणून दाखवायचो. माचावर कोण बसणार ते आधी घरात ठरवा. ऊन कुठून येतं आणि पाऊस कुठून झोडपतो ते वर्षभर बघून ठेवा. लाकडाचा परवाना काढा. आणि मी येईन त्या दिवशी जागा साफ, सपाट, मोकळी करून ठेवा. पहिल्या तीन गोष्टी कोणीच करत नसे. अंगण तेवढं सगळे झाडत. ते 'वर्षभर' मी नुसतं वजन पडावं म्हणून घातलेलं होतं. वर्षभर ऊन कोण बघत बसतं?

एका कार्तिकात माझ्या कामाच्या पडवीत एक म्हातारा येऊन बसला. डोक्याला फडकं, खांद्यावर कांबळं, गुडघ्यापर्यंत धूळ. त्याचं नाव गोमा. सूर्यमाळेच्या खालच्या एका पाड्यावर त्याचं घर, थोडा भात, थोडी नागली. सूर्यमाळ मोखाड्याकडची, म्हणजे आमच्या संस्थानाच्या हद्दीपलीकडे इंग्रजी मुलुखात. दोन दिवस चालून तो आला होता. शिरपामाळाच्या वाटेवर मी बांधलेला एक माच त्याने बाजाराला येताना पाहिला होता आणि तो कोणी बांधला हे विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला होता.

"मेस्त्री, तसला माझ्या घराला पायजे," तो म्हणाला.

"किती मोठा?"

"एका माणसापुरता."

इतक्या वर्षांत असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली. "कोणासाठी?"

"डोकरीसाठी. तिचं पाय गेलं."

डोकरी म्हणजे त्याची बायको, चिमा. आदल्या वर्षी गवताचा भारा घेऊन उतरताना ती घसरली आणि कमरेवर आपटली. तेव्हापासून कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. एकच मुलगी, ती वांगणीला दिलेली. घरात हे दोघंच. घर कारवीच्या कुडाचं, खिडकी नाही, आत दिवसाही काळोख आणि थंडीच्या दिवसांत गारठा. वैदूने गोमाला सांगितलं होतं, पायांना सकाळचं ऊन दाखव, हळूहळू जागे होतील. म्हणून तो तिला रोज उचलून अंगणात आणत होता. पण उंबऱ्यापासून अंगण तीन पायऱ्या खाली, आणि त्याचं वय साठीच्या पुढचं. एकदा तिला घेऊन तो पडला. त्यानंतर ती उचलूच देईना. उंबऱ्याच्या पातळीला माच झाला, तर ती हातांवर सरकत स्वतःच उन्हात येईल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

मी त्याला माझा पाठ म्हणून दाखवला. तेव्हा पाड्यावरच्या माणसांना आम्ही गावातले लोक सरसकट अरे-तुरे करत असू, वय बघत नसू. मीही केलं. आज लिहिताना लाज वाटते. तो एकेक गोष्ट बोटांवर मोजत ऐकत होता. मग राम राम करून निघून गेला, आणि मी त्याला विसरलो.

पुढल्या कार्तिकात तो परत पडवीत येऊन बसला.

"बघितलं," तो म्हणाला.

"काय बघितलंस?"

"ऊन. पाऊस पन. आन ह्यो परवाना." त्याने कांबळ्यातून घडी केलेला कागद काढला. तिकडच्या जंगलखात्याचा शिक्का होता. सहा खांब आणि थोड्या तुळया-फळ्या निघतील एवढ्याच ऐनाची परवानगी होती, आणि तीही पावसाळ्यापर्यंतच. त्या एका कागदासाठी तो किती फेऱ्या चालला असेल, ते मला ठाऊक होतं. एवढं लाकूड म्हणजे एकच लहानसा माच. चुकला तर दुसरा नाही.

मी म्हटलं, फाल्गुनात येतो. "आणि शेवटची गोष्ट लक्षात आहे ना?"

"साफ, सपाट, मोकळी," तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला.

फाल्गुनात तट्टू घेऊन मी मोखाड्यावरून सूर्यमाळेला गेलो. मोहाची झाडं निष्पर्ण झाली होती आणि खाली फुलांचा सडा पडायला लागला होता. गोमाचं घर पूर्वेला तोंड करून उतारावर बसलेलं. अंगणाच्या कडेला, दारापासून थोडं आग्नेयेला एक जुना मोह होता. आणि अंगण! मी राजवाड्याच्या कामावर होतो, पण इतकी साफ जागा मला तिथेही कोणी दिली नव्हती. एक खडा नाही, एक काडी नाही. शेणाने सारवलेलं, सारवणाऱ्या बोटांच्या कमानी अजून ताज्या होत्या. बाई उठू शकत नव्हती, म्हणजे हे सगळं म्हाताऱ्याने एकट्याने केलेलं.

मी खूश होऊन कामाला लागलो. सुतळी ताणली, काटकोन बघायला गुण्या लावला, ओळंबा सोडला, पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे लाकडात बसवलेली पाण्याची काचेची नळी, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की पातळी बरोबर. गोमा तिच्याकडे फार आदराने बघत होता. लाकूड मोजकं, म्हणून माच दाराच्या बरोबर समोर सरळ काढला. दिसायला ठाशीव आणि लाकडात बसणारा. अंगणभर ऊन होतं.

"बघ," मी म्हटलं, "म्हातारीच्या पायांवर कसं लख्ख पडेल."

गोमाने आधी मोहाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तो घरात गेला आणि चिंधीने बांधलेली एक मोळी घेऊन आला. आत हातभर लांबीच्या आठ खुंट्या होत्या. खालून मातीने मळलेल्या.

"ह्या घ्या," तो म्हणाला.

"हे काय?"

"ऊन."

मला काही कळेना. त्याने सांगितलं ते असं. मागच्या कार्तिकात मी ऊन बघून ठेव म्हटलं, म्हणून तो दर पुनवेच्या सकाळी अंगणात उभा राहायचा. समोरच्या डोंगरावरून सूर्य वर आला की उन्हाचा पट्टा अंगणात जिथे पडायचा आणि न्याहारीपर्यंत जिथे टिकायचा, तिथे एक खुंटी मारायचा. पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही, म्हणून खुंट्या आठ. वर्षभराचं ऊन त्याने असं जमिनीत ठोकून ठेवलं होतं.

"मग त्या होत्या कुठे?" मी विचारलं.

त्याने सारवलेल्या अंगणावरून हात फिरवला. "काढल्या. काल. भोकं बुजवली, वर सारवलं."

"अरे, पण काढल्यास का?"

"तुमीच सांगलं. साफ, सपाट, मोकळी." मग पाणसळीकडे बोट करून म्हणाला, "म्हनलं त्या काचेत तुमाला दिसंल, कनची कुठं व्हती ती."

मी आधी त्याच्यावरच चिडलो, हे कबूल करतो. अरे, एवढं करून ठेवलंस आणि उपटून टाकलंस, काही डोकं आहे की नाही, असं काहीबाही बोललो.  माझं ओरडणं संपेपर्यंत मला कळलं होतं की ऊन बघून ठेवा आणि जागा साफ करा, या माझ्या पाठातल्या दोन्ही गोष्टी जन्मात एकाच माणसाने पाळल्या, आणि त्या दोन्ही एकत्र पाळता येत नाहीत हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला तिथल्या तिथे जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

कारण चूक लहान नव्हती. मी गेलो तेव्हा मोहाला पानं नव्हती, म्हणून अंगणभर ऊन होतं. थंडीच्या महिन्यांत तोच मोह पानांनी भरलेला, आणि सूर्य आग्नेयेकडून वर येणारा. त्याची दाट सावली नेमकी दारासमोर पडणार, मी सुतळी ताणली होती तिथे. ज्या महिन्यांसाठी माच हवा त्याच महिन्यांत तो गार पडणार. मोह तोडायचा तर वर्षाचं अन्न तोडल्यासारखं, ते त्या घरात कोणी तोंडातूनही काढलं नसतं. आणखी एक वर्ष ऊन बघावं तर परवाना पावसाळ्यात संपत होता, आणि चिमा काळोखात आणखी एक थंडी काढणार होती.

गोमा खाली बसला आणि तळहाताने जमीन चाचपू लागला. कुठे मऊ लागतं का ते बघत होता. पण त्याने भोकं अशी ठासून बुजवली होती की काही मागमूस नव्हता. एक खुंटी त्याने एका जागी टेकवली, मान हलवली, दुसरीकडे नेली, तिथूनही उचलली. मग खुंटी हातात धरून तो तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला दिसू नये म्हणून तो जमिनीकडेच बघत होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"गोठ्याच्या अंगाला जा. आनखी. त्याच्या पायरीच्या दगडापासनं दोन हात."

मी वळून बघितलं. दाराच्या आतल्या काळोखात, उंबऱ्याजवळ अंथरुणावर चिमा कोपरांवर उठली होती. पाय गेल्यापासून ती परक्या माणसासमोर आली नव्हती, हे मला नंतर कळलं. मी आल्यापासून ती कांबळं डोक्यावरून घेऊन पडून होती आणि मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. माचावर कोण बसणार हे दरवेळी विचारणारा मी, जी बसणार होती तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

"तुझ्या हातात हाय ती कनची?" ती नवऱ्याला म्हणाली. "आखूड? ती मार्गशीर्सातली. आता हितं नको, डावीकडं घे. हां. तितं."

गोमा तिच्याकडे बघतच राहिला. "तुला काय ठावं?"

"मग दुसरं काय बघायचं व्हतं मला?" ती म्हणाली.

दोन वर्षं त्या दारातून दिसेल तेवढंच तिचं जग होतं, आणि त्या जगात दर पुनवेला गोमा येऊन एक खुंटी मारायचा. तिने त्या सगळ्या पाठ केल्या होत्या. दिवाळीनंतरची पहिली कुठे, पौषातली कुठे. पौषात तुला खोकला होता, तीन घाव घातलेस आणि बसलास, ती म्हणाली. चैत्रातली मारायला तू उशीर केलास, फुलं वेचत बसलास. फाल्गुनातली बकरीने उपटली म्हणून दुसऱ्या दिवशी परत मारलीस, पण जराशी खाली.

मला खरं वाटेना. मापाच्या बाबतीत मी देवावरही विश्वास ठेवला नसता. मी म्हटलं, बाई, आठवणीवर खांब उभे करता येत नाहीत. तेव्हा ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"माघातली मारा. हितं, तुमच्या पायापासनं वीतभर म्होरं. खाली दगड लागंल. म्हून ती वाकडी गेलीया."

मी खुंटी तिथे धरली आणि हातोडा घातला. चार बोटं आत गेली आणि खाली टणकन दगड लागला. खुंटी वाकडी झाली.

मग ती सांगत गेली, गोमा जागा दाखवत गेला आणि खुंट्या मी मारल्या. सारवलेल्या अंगणाची पार दशा झाली. आठही खुंट्या उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या सुतळीच्या चौकटीत त्यातली एकही नव्हती. सगळ्या दाराच्या डावीकडे, गोठ्याच्या बाजूला झुकलेल्या होत्या.

मी सुतळी सोडली आणि अंदाज पहिल्यापासून काढला. माच दारासमोरून थोडा पुढे येऊन डावीकडे वळवला. लाकूड पुरेना. मग कठड्याकडे लक्ष गेलं. मी नेहमीच्या सवयीने कमरेइतका कठडा धरला होता, उभ्या माणसासाठी. बसलेल्या बाईला त्याच्या आडून शेत दिसलंच नसतं. मी तो काढून टाकला, कडेला वीतभर उंचीची पट्टी ठेवली आणि वाचलेलं लाकूड वळणाला लावलं. मग उंबऱ्याजवळ जाऊन खाली बसलो. "आई," मी विचारलं, "रुंद किती हवा?"

"हातरी पसरंल येवढा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन त्यो बसंल येवढी जागा कडंला."

"मला कुठं बसायला येळ हाय?" गोमा म्हणाला.

"तुला कोन इचारतंय?" ती म्हणाली, आणि मी वहीत दोघांचा माच लिहिला. या दोघांचे मात्र मी वीस धरले नाहीत.

वैशाखात माच उभा राहिला. मी माझा सुतार पाठवला आणि खांब दगडावर बसवायला स्वतः गेलो. पहिल्या दिवशी ती हातांवर सरकत बाहेर आली, वळणापर्यंत गेली, पाठ भिंतीला टेकली आणि बराच वेळ खालच्या शेताकडे बघत राहिली. मग गोमाला म्हणाली, बांध फुटलाय, दिसत नाही का तुला. दोन वर्षांत त्याला कोणी असं झापलं नसावं. तो कुदळ घेऊन जवळजवळ धावतच गेला.

पण माझ्या मनाला चैन नव्हती. वैशाखातल्या उन्हाला कोण विचारतो? अंदाज बरोबर होता की नाही, ते थंडीतच कळणार होतं. मार्गशीर्षात मोखाड्याला काम निघालं तेव्हा मी तसाच पुढे गेलो, कोणी बोलावलं नसताना. आदल्या दिवशी सूर्यमाळेला मुक्काम करून सकाळी पाड्यावर पोचलो. गारठ्याने हात बधिर झाले होते. मोह पानांनी गच्च भरलेला होता. डोंगरावरून सूर्य वर आला, आणि दारासमोर, माझ्या पहिल्या सुतळीच्या जागी, काळी सावली पडली. तिच्या डावीकडून उन्हाचा पट्टा सरळ माचावर आला आणि कांबळ्यातून बाहेर काढलेल्या चिमाच्या पायांवर थांबला. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण इतका आनंद मला कोणत्याच कामाने दिला नाही.

गोमा पाण्याला खाली झऱ्यावर गेला होता. मी माचाच्या कडेला टेकलो.

"आई, बरोबर पडलं ना ऊन?"

"पडलं."

"पाय जरा जागे झाले का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून स्वतःच्या पोटरीला नखाने जोरात चिमटा काढला. कातडीवर पांढरे वण उठले. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"काय कळत नाय," ती म्हणाली. "पडले त्या दिसापासनं नाय. ऊन पडलं काय, इस्तू पडला काय, सारखंच."

मी म्हटलं, "पण मग वैदूने..."

"वैदूनं त्याला सांगलं. मला नाय इचारलं." ती शेताकडे बघत होती. "तोंडावर ऊन लागतं, शेत दिसतं. मला तेवढं पुरं हाय."

"मग तुम्ही गोमादादांना सांगितलं का नाही?"

"वर्सभर दर पुनवंला तो पहाटंचा उठून थंडीत उभा ऱ्हायचा," ती म्हणाली. "दारातनं मला दिसायचा. काय सांगू त्याला?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुमी पन नका सांगू."

मी तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून त्यांना नको असलेलं खरं तोंडावर सांगत आलो. तुळई कुजलीय, पाया खचलाय, हे पाडावं लागेल. त्याचंच मला खायला मिळालं आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या सकाळी मात्र मी मान हलवली आणि गप्प बसलो.

गोमा हंडा घेऊन चढ चढत वर आला. त्याला धाप लागली होती. मला बघून हसला, पण आधी तिच्याकडे वळला.

"लागतंय का ऊन पायांना?"

"लागतंय," चिमा म्हणाली. "डाव्याला जरा जास्तीच."

त्याने हंडा तिथेच खाली ठेवला, ओले हात कांबळ्याला पुसले, आणि तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून उन्हात सरकवला.